तारेची जाडी

घरात वीज आली म्हणजे काय आले, असे कोणास विचारले तर तो दिव्याचे नाव घेईल, पंख्याचे घेईल, आजच्या काळात कूलरचे आणि पाण्याच्या पंपाचे घेईल. तारेचे नाव कोणी घेणार नाही. ती भिंतीत गेली, चुन्याखाली गेली, की स्मरणातूनही जाते. आणि तिची जाडी किती असावी हा प्रश्न तर वायरमनचा मानला जातो, सुशिक्षित माणसाने लक्ष घालावे असा नव्हे. मीही पुष्कळ वर्षे तसेच समजत होतो. इतिहासाचा विद्यार्थी असल्याने राजांच्या वंशावळी मला पाठ होत्या. परंतु ज्या तारेच्या आधाराने मी रात्री त्या वंशावळी वाचीत असे, तिचा इतिहास मला ठाऊक नव्हता. तो जाणून घेण्याची पाळी आमच्या घरावर कशी आली, हे सांगण्यापूर्वी तो इतिहासच थोडासा सांगतो.

तारेतून वीज जाते तेव्हा तार तिला थोडाबहुत अडथळा करते. हा अडथळा, म्हणजे रोध, तारेच्या लांबीबरोबर वाढतो आणि जाडीबरोबर घटतो. जर्मनीतील कोलोन येथे शाळेत शिकविणाऱ्या गेओर्ग ओम या गृहस्थाने १८२७ साली या संबंधाचा नियम प्रसिद्ध केला. त्याची किंमत त्याच्या देशबांधवांना लवकर कळली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने मात्र १८४१ मध्ये त्याला कॉप्ली पदक दिले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जेम्स जूल याने दाखवून दिले की, तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट. तिप्पट झाला तर नऊपट. तारेच्या जाडीचे सारे शास्त्र या दोन गोष्टींवर उभे आहे. पुढे जे झाले ते या दोन गोष्टींशी माणसाने केलेला व्यवहार होय, आणि व्यवहार म्हटला की त्यात पैसा आलाच.

हा पैशाचा प्रश्न प्रथम थॉमस एडिसनपुढे उभा राहिला. १८८२ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील त्याच्या वीजगृहातून घराघरांत दिवे लागले, ते ११० व्होल्टांच्या दाबावर. दाब कमी म्हणजे प्रवाह अधिक, प्रवाह अधिक म्हणजे तार जाड, आणि जाड तार म्हणजे तांबे. वीजगृहापासून मैलभर दूर गेले की तांब्याचा खर्च इतका वाढे की धंदा परवडेना. तीन तारांची एक युक्ती काढून त्याने निम्म्याहून अधिक तांबे वाचविले, तरी अडचण मुळातून गेली नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८१ मध्ये, विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्धीस आलेला शास्त्रज्ञ, याने एक सुरेख हिशेब मांडला होता. तार जाड घेतली तर भांडवल अडकते व त्याचे व्याज बसते. बारीक घेतली तर वीज तारेतच उष्णता होऊन वाया जाते. या दोन्ही वार्षिक खर्चांची जेथे बरोबरी होते, ती जाडी सर्वांत काटकसरीची. सरकारी अंदाजपत्रके तपासण्यात माझे आयुष्य चालले आहे. आरंभीचा खर्च आणि वर्षानुवर्षांचा खर्च एकाच तागडीत घालणारा हा हिशेब मला फार आवडतो. आमच्याकडे पहिलाच आकडा तेवढा पाहण्याची रीत आहे.

परंतु काटकसर ही एक बाजू झाली, आग ही दुसरी. १८८२ सालीच लंडनमधील तारायंत्र व विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेने विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी टाळण्यासाठी नियमावली काढली. आग विम्याच्या एका कंपनीनेही त्याच वर्षी आपले नियम केले. जिला भरपाई द्यावी लागते तिला शहाणपण लवकर सुचते. त्या काळी एक ठोकताळा चाले. तांब्याच्या एक चौरस इंच छेदास एक हजार अँपियर, म्हणजे आजच्या मापाने एक चौरस मिलिमीटरला सुमारे दीड अँपियर. लक्षात ठेवण्यास हा सोपा, पण सदोष. तारेतली उष्णता बाहेर पडते ती तिच्या पृष्ठभागातून. आणि तार जाड होत जाते तसा छेद व्यासाच्या वर्गाने वाढतो, पृष्ठभाग मात्र व्यासाच्या प्रमाणातच. म्हणून बारीक तार आपल्या मानाने अधिक भार सोसते, जाड तार कमी. ठोकताळ्याच्या जागी कोष्टके आली, ती या कारणाने.

जाडी सांगावयाची तरी कशी, हाही एक प्रश्नच होता. सोनार ज्या पोलादी पट्टीच्या छिद्रांतून तार ओढतो, ती अनेकांनी पाहिली असेल. एका छिद्रातून काढावी, मग त्याहून लहान छिद्रातून काढावी. जितक्या वेळा ओढावी तितकी ती बारीक होते. इंग्लंडमधले तारकसही असेच करीत, आणि ओढण्यांच्या या क्रमावरूनच त्यांचे क्रमांक पडले. म्हणून क्रमांक मोठा तर तार लहान, असा उलटा न्याय त्या मापात आहे. गावोगावी निरनिराळे गेज असत; अखेर १८८४ मध्ये ब्रिटिश सरकारने एकच प्रमाण गेज कायदेशीर ठरविला. त्याच्या १८ क्रमांकाच्या तारेचा व्यास ०.०४८ इंच, २० चा ०.०३६ आणि २२ चा ०.०२८. १८९९ मध्ये कलकत्त्यास आणि १९०५ मध्ये मुंबईस घरांत वीज जाऊ लागली, तेव्हा तारांबरोबर हे मापही येथे उतरले. तीन धाग्यांची तार असेल व प्रत्येक धागा २२ क्रमांकाचा असेल, तर ती तीन-बावीस; सात धागे २० क्रमांकाचे, तर ती सात-वीस. रबराचे वेष्टण असलेल्या अशा तारा सागवानी खोबणीत घालून वर लाकडी झाकणपट्टी मारीत. नंतर सपाट लाकडी पट्टीवर पत्र्याच्या चिमट्यांनी त्या आवळू लागले. जुन्या वाड्यांतून ती पट्टी अजूनही दिसते.

स्वतंत्र भारताने दशमान पद्धती स्वीकारली. १९५६ चा वजनमापांचा कायदा १ ऑक्टोबर १९५८ पासून क्रमाक्रमाने अमलात आला. इंच गेले, मिलिमीटर आले. तार तिच्या छेदाच्या चौरस मिलिमीटरांनी ओळखली जाऊ लागली : एक, दीड, अडीच, चार, सहा. आता क्रमांक मोठा तर तारही मोठी, असा सरळ हिशेब झाला. तरी आमच्या रायपूरच्या गोलबाजारात वयस्क वायरमन येतो तो ‘तीन-बीस’ आणि ‘सात-बीस’ मागतो, आणि दुकानदार त्याला बरोबर ती देतो. तीन-बावीस म्हणजे सुमारे १.२ चौरस मिलिमीटर, तीन-वीस म्हणजे जवळजवळ दोन, सात-वीस म्हणजे साडेचारांहून थोडी अधिक. कायद्याने माप बदलते, जिभेवरचे माप बदलावयास दोन पिढ्या लागतात.

यानंतरची गोष्ट छत्तीसगडाच्या अधिक जवळची आहे. वरचे सारे आकडे तांब्याचे. आणि तांबे आपल्या देशात थोडे. स्वातंत्र्याच्या वेळी सिंहभूम जिल्ह्यातील घाटशिलाचे उत्पादन तेवढे आपले म्हणावयाचे, बाकीचे परदेशातून आणावयाचे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस परकीय चलनाची टंचाई पडली, आणि गावोगावी वीज नेण्याची योजना तर हाती घेतलेली. अशा वेळी अ‍ॅल्युमिनियमकडे लक्ष गेले. बॉक्साइट आपल्याकडे विपुल. तांब्याच्या तुलनेत अ‍ॅल्युमिनियमची वहनशक्ती सुमारे ६१ टक्के. म्हणजे तेच काम करण्यास तार दीडपटीहून थोडी अधिक जाड हवी. पण वजन तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असल्यामुळे, इतकी जाड करूनही ती तार तांब्याच्या निम्म्या वजनात बसते. खांबांवरून जाणाऱ्या तारांसाठी हा गुणच होय. १९६५ मध्ये भारत अ‍ॅल्युमिनियम कंपनीची स्थापना झाली, आणि आमच्या बिलासपूर जिल्ह्यातील, म्हणजे त्या वेळच्या बिलासपूर जिल्ह्यातील, कोरबा येथे तिचा कारखाना उभा राहिला. १९७३ मध्ये हंगेरीच्या साहाय्याने अ‍ॅल्युमिना आणि १९७५ पासून रशियाच्या साहाय्याने धातू निघू लागला. बॉक्साइट अमरकंटकच्या बाजूचे, कोळसा कोरब्याचा, पाणी हसदेव नदीचे. एक किलो अ‍ॅल्युमिनियम काढण्यास चौदा-पंधरा युनिट वीज लागते. म्हणजे या धातूत आधी वीज ओतावी लागते, तेव्हा तो पुढे वीज वाहू लागतो.

महाराष्ट्रातील श्रोत्यांसाठी येथे एक आठवण देतो. याच कंपनीचा दुसरा कारखाना रत्नागिरीस निघावयाचा होता. तो निघाला नाही. पुढे १९९२ च्या सुमारास त्याच रत्नागिरीत एका खासगी कंपनीच्या तांब्याच्या कारखान्याचे काम सुरू झाले, ते लोकांच्या विरोधामुळे बंद पडले व कारखाना तामिळनाडूत तुतिकोरीनला गेला. अ‍ॅल्युमिनियम नाही आणि तांबेही नाही! रत्नागिरीकरांनी यात काय गमावले आणि काय वाचविले, याची चर्चा मी करीत नाही. तुतिकोरीनचा तो कारखाना २०१८ मध्ये बंद झाला, एवढे सांगून पुढे जातो.

खांबावर शोभणारे अ‍ॅल्युमिनियम घरात आले, तेव्हा मात्र त्याचे दोष उघडे पडले. हवा लागताच त्यावर भस्माचा एक पातळ, कठीण थर चढतो आणि तो वीज वाहू देत नाही. तापले की ते तांब्यापेक्षा अधिक फुगते. स्क्रूखाली दाबून धरले की हळूहळू दबत जाते. सकाळी तापावे, रात्री निवावे, असे वर्षानुवर्षे झाले की आवळलेला स्क्रू कोणी हात न लावता सैल होतो. दोनचार वेळा वाकविली की तार तुटते. अमेरिकेतही १९६५ ते १९७३ च्या सुमारास लाखो घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या आणि सांध्यांपाशी लागणाऱ्या आगींनी त्या लोकांना भानावर आणले. आमच्याकडे ही तार त्याहून पुष्कळ अधिक काळ घरांत राहिली, कारण ती स्वस्त होती. आणि स्वस्त तार जाड घ्यावी लागते ही अर्धी गोष्ट दुकानाच्या पायरीवरच विसरली जाई. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या जागी दीड चौरस मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम घालून मोकळे होत.

आमच्या काकांनी तेच केले होते.

रायपुरात भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी घरे आहेत. तात्यापाऱ्यात त्यांतील पुष्कळ. आमचे घर त्यांपैकीच एक. काका रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात जोडारी होते. घरी आले की चहा घेऊन परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरत. तेथे त्यांचा संसार वेगळा होता : एक जुना लेथ, ग्राइंडर, भोके पाडण्याचे यंत्र, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने आणि कानशी. मोहल्ल्यातल्या शिवणयंत्रांपासून देवळातल्या घंटेच्या कडीपर्यंत सारे तेथे नीट होऊन जाई. पैसे ते क्वचितच घेत. मायक्रोमीटरने एका इंचाचा हजारावा भाग मोजणारा हा माणूस. आणि त्यांच्या पेटीत तारेचे गेज मोजण्याची ती गोल, कडेला खाचा असलेली पोलादी चकतीही होती. तिने ते स्प्रिंगची तार मोजीत. शेडमध्ये येणारी विजेची तार त्यांनी तिने कधी मोजली नाही.

त्याला कारणही तसेच होते. शेड १९८२ च्या सुमारास बांधली तेव्हा तिथे दोन दिवे आणि एक पंखा होता. घराच्या पुढच्या दारापाशी मीटर, तेथून शेडपर्यंत तीस मीटर अंतर. त्यासाठी दीड मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची तार आणि पाच अँपियरचा फ्यूज पुरेसा होता. पुढे लेथ आला, पाय मारून चालविण्याचा. मग त्याला एक अश्वशक्तीची मोटर बसली. मग ग्राइंडर आला. यंत्रे वाढली, तार तीच राहिली.

आज मी तो हिशेब कागदावर मांडतो तेव्हा तो चार ओळींत संपतो. वीज जाते आणि परत येते, म्हणून तीस मीटरची साठ मीटर तार. दीड चौरस मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा इतक्या लांबीचा रोध सुमारे १.१३ ओम. लेथ, ग्राइंडर आणि दिवे मिळून १२ अँपियर धरले तर तारेतच साडेतेरा व्होल्ट खर्च होतात, म्हणजे २३० च्या जवळजवळ सहा टक्के. चांगल्या कामात तीनच्या आत असावेत असा संकेत आहे. पण खरी गोम चालू मोटरमध्ये नसून सुरू होणाऱ्या मोटरमध्ये आहे. एक अश्वशक्तीची मोटर चालताना सहा अँपियर घेते, तर सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहापट. ३६ अँपियर त्या तारेतून ओढले की ४० व्होल्ट वाटेतच जातात. मोटरचा जोर दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. २३० चे १९० झाले की तो दोनतृतीयांशावर येतो. मोटर घुमते, कण्हते, पण फिरत नाही. आणि फिरत नाही तोवर ३६ अँपियर खातच राहते. संध्याकाळी मोहल्ल्यातला दाबच मुळी २०० पर्यंत उतरे, तेव्हा तर विचारावयास नको.

मग फ्यूज उडे. साहजिकच उडे. पाच अँपियरच्या फ्यूजमध्ये कलई केलेल्या तांब्याची ०.२ मिलिमीटरची तार असते, पंधराच्या फ्यूजमध्ये ०.५ ची. काकांनी प्रथम दुसरी घातली. तीही एकदोनदा गेली, तेव्हा जुन्या वायरीचे चार धागे पिळून घातले. त्यानंतर फ्यूज उडणे बंद झाले, आणि सर्वांना समाधान वाटले. वास्तविक त्या दिवसापासून आमच्या घरात सर्वांत आधी जळणारी वस्तू फ्यूज राहिली नव्हती. बारीक तारेने मोटर अडत होती, अडलेल्या मोटरने फ्यूज उडत होता, आणि उडणाऱ्या फ्यूजचे तोंड आम्ही बंद केले होते.

१९९४ चा मे महिना होता. रायपूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना तो सांगावयास नको. पारा ४५ च्या पुढे, आणि पत्र्याखाली दुपारी ५५. तारेची कोष्टके आपल्याकडे साधारणतः ४० अंशांच्या हवेसाठी केलेली असतात आणि तारेवरचे पी.व्ही.सी.चे वेष्टण ७० अंशांपर्यंतच निभावते. ४० ते ७० या तीस अंशांत तापण्याची जी मुभा तारेला असते, ती ५५ अंशांच्या शेडमध्ये पंधराच उरते. हिशेब केला तर तिने वाहावयाचा प्रवाह सुमारे सात दशांशावर येतो. कोष्टक एका हवेत केलेले असते आणि माणूस दुसऱ्या हवेत राहतो.

त्या दुपारी लेथ चालू होता आणि काकांनी ग्राइंडरही लावला. लाकडी बोर्डाच्या मागे एक सांधा सैल झालेला असावा. अशा सांध्याचा रोध अर्धा ओम जरी झाला, तरी १२ अँपियरला ७२ वॅट उष्णता तेथे उत्पन्न होते : सोल्डरिंग आयर्नची चांगली दणकट इस्त्री, लाकडाला टेकवून ठेवलेली. प्रथम वास आला, मग बोर्डाच्या कडेने धूर, मग पट्टीवरून वर सरकत गेलेली ज्वाळा. खाली घासलेटाचा डबा होता. मी चौदा वर्षांचा; दारात उभा होतो आणि पाणी आणावयास धावलो. काका ओरडले, “पाणी नको! मेन बंद कर!” मला मेन कोठे आहे हे ठाऊक होते, पण हात तेथवर पुरेना, काकूने येऊन तो खाली ओढला. तोवर काकांनी घासलेटाचा डबा उघड्या हातांनी बाहेर फेकला होता. शेडचे छप्पर उतरवावे लागले. त्यांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटे पुढे कधीच पुरती मिटली नाहीत.

जोडाऱ्याची बोटे म्हणजे काय, हे त्या घरात सर्वांनाच कळत होते. कोणी काही बोलले नाही. इस्पितळातून आल्यावर आठ दिवसांनी काकांनी जळक्या पट्टीतून तारेचा एक तुकडा काढला, वरचे वेष्टण सोलले, आणि ती गोल चकती मागवून घेऊन खाचेत धरून पाहिला. मग म्हणाले, “अरे, ही अठराच्या आसपासची. हिच्यावर मी लेथ चालवीत होतो.” एवढेच.

ऑगस्टात, पाऊस थोडा थांबल्यावर, नवीन तारा टाकल्या. या वेळी तांब्याच्या, चार चौरस मिलिमीटरच्या, लाकडी पट्टीऐवजी नळीतून, आणि सोबत भूमीची तार. साठ मीटरला रोध जेमतेम पाव ओम : १२ अँपियरला तीन व्होल्ट, मोटर सुरू होताना नऊ. दिव्यांची तार निराळी, तिला पाचाचा फ्यूज. यंत्रांची निराळी, तिला पंधराचा. खर्च पुष्कळ आला. काकू म्हणाल्या, “एवढ्यात नवा ग्राइंडर आला असता.” काका म्हणाले, “जुनाच पुरे आहे.” मी शिडी धरून उभा होतो व टेपचे एक टोक माझ्या हातात होते, ओमचा नियम मी शाळेत त्याच वर्षी शिकलो, पण मला तो आधीच येत होता. पहिल्यांदा मोटर लावली तेव्हा ती न कण्हता, एका दमात फिरली. इतकी वर्षे आम्ही जो आवाज मोटरचा म्हणून ऐकत होतो, तो तारेचा होता.

१९९१ नंतर आयात सैल झाली, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुजरातेत दहेज येथे तांबे शुद्ध करण्याचा मोठा कारखाना उभा राहिला, आणि नव्या घरांत तांब्याची तार हाच रिवाज झाला. फ्यूजच्या जागी आपोआप पडणारे स्विच आले. त्यांत पिळलेले धागे घालता येत नाहीत, तरी सोळाचा वारंवार पडतो म्हणून बत्तीसचा बसवून घेणारे लोक मी पाहिले आहेत. अ‍ॅल्युमिनियमने काही पाप केले होते असे नव्हे. कोरब्याच्या त्या धातूवाचून बस्तरच्या आणि सरगुज्याच्या खेड्यांत वीज गेली असती की नाही, शंकाच आहे. त्याला त्याची जाडी आम्ही दिली नाही, एवढेच. जुन्या घरांतून मात्र ती तार अद्याप भिंतीत आहे, आणि तिच्यावर आता दीड टनाचे वातानुकूलक चालतात.

काका २०११ मध्ये गेले. शेड अजून आहे. माझा मुलगा सुटीच्या दिवशी तेथे काहीबाही करीत असतो. बोर्डाशेजारी चुन्याच्या भिंतीवर काकांनी तांबड्या ऑइलपेंटने, उजव्या हाताने, जोडाऱ्याच्या सरळ अक्षरांत लिहिले आहे : ‘तांबे, ४ चौ. मि.मी. लांबी ३० मीटर. १५ अँपियरच्या वर नाही. २१-८-९४.’ गेल्या दिवाळीत रंगारी आला, तेव्हा तेवढा भाग सोडून रंग दे, असे मी त्याला सांगितले.